पेडणेकर मॅडमचा आवाज

पेडणेकर मॅडमकडे बुटांचे सात जोड होते आणि मुली बारा. पाच नंबरचे दोन जोड, सहा नंबरचे तीन, सात नंबरचे दोन. संघ निवडताना मॅडम आधी पाय बघायच्या, मग खेळ. सामन्यात एखादी मुलगी बाहेर आली की ती रेषेवर बसून बूट काढायची आणि आत जाणारी ते घालायची. हे चाळीस सेकंदांत व्हायला हवं, असा नियम होता. त्याचा वेगळा सराव असे. घड्याळ मॅडमच्या हातात. उशीर झाला तर दोघींना मैदानाला पाच फेऱ्या, अनवाणी.

निकिता नावाच्या मुलीचा पाय एका वर्षात सहावरून आठवर गेला. संघात सर्वांत वेगाने धावणारी तीच होती. सुट्टीनंतर सराव सुरू झाला तेव्हा बूट टाचेवर अडकला. मॅडमनी तिला खाली बसवलं, स्वतः ओढून बघितलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुझ्या पायानेच तुझी जागा खाल्ली गं. आता पाणी भर."

निकिताचे वडील नवे बूट आणून द्यायला तयार होते. मॅडमनी नको म्हणून निरोप पाठवला. "एकीचे स्वतःचे बूट झाले की ती बाहेर येताना काढणार नाही. मग ती संघाची राहत नाही." निकिताने दोन वर्षं पाणी भरलं. ती यायची बंद झाली नाही. यात मॅडमचं कौतुक होतं की निकिताचं, हे आमच्यात कुणी ठरवलं नाही.

मॅडम बोरीवलीतल्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायच्या. वडील गिरणी कामगार, मूळचे मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर कुटुंब परळहून बोरीवलीला आलं. स्वतः मॅडम कबड्डी खेळलेल्या होत्या आणि त्याची खूण म्हणून उजव्या हाताची दोन बोटं शेवटच्या पेरात वाकलेली होती. शाळेची कबड्डीची टीम त्यांनीच उभी केली. पुढे शाळेला रग्बीचे चार चेंडू आणि वापरलेले बूट मिळाले, तेव्हा तीच टीम त्यांनी रग्बीला लावली. चेंडू सोडला तर बाकी सगळं कबड्डीच आहे, अशी त्यांची समजूत होती.

ती पहिल्याच स्पर्धेत चुकीची ठरली. कबड्डीत पकडलेल्या खेळाडूला पंचांची शिट्टी होईपर्यंत सोडायचं नसतं. रग्बीत उलट असतं. चेंडू घेऊन पळणारीला खाली पाडलं की तिला लगेच सोडावं लागतं, म्हणजे ती चेंडू मागे आपल्या मुलींसाठी ठेवू शकते. आमच्या मुली पाडायच्या फार छान. सोडत नव्हत्या. रेफरी शिट्टी वाजवून पेनल्टी द्यायचे आणि शिट्टी ऐकली की मुली समाधानाने सोडायच्या. तो सामना आम्ही पेनल्टींवरच हरलो.

मॅडमनी दुसऱ्या दिवसापासून उपाय केला. त्या रेषेवर उभ्या राहायच्या आणि प्रत्येक टॅकलला, पाडलेली मुलगी जमिनीला टेकली की ओरडायच्या, "सोड!" आवाज मैदानापलीकडे नॅशनल पार्कच्या भिंतीवर आपटून परत यायचा. सकाळी सहा ते आठ, आठवड्यातून पाच दिवस. भिंतीलगतच्या सोसायटीने शाळेकडे तक्रार केली. मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "त्यांना सांगा, गजर लावायचे पैसे वाचले."

चार वर्षं हे चाललं. मुली मॅडमच्या आवाजावर सोडायला शिकल्या. एका सामन्यात रेफरीने मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, मुलींना नियम शिकवा. तुम्ही किती ओरडणार?"

"नियम त्यांना पाठ आहे," मॅडम म्हणाल्या. "सोडता येत नाही."

आवाज टिकावा म्हणून त्या लवंगा आणि खडीसाखर जवळ ठेवायच्या. पत्र्याची छोटी गोल डबी, झाकण घट्ट, अंगठ्याच्या नखाने उघडावं लागायचं. त्यातलं त्यांनी कधी कुणाला दिलं नाही. एकदा खोकणाऱ्या एका मुलीने हात पुढे केला. मॅडमनी एक लवंग स्वतःच्या तोंडात टाकली आणि डबी बंद केली. "तुझ्या खोकल्याने कोण जिंकणार आहे?"

आमच्यातली एकच मुलगी राष्ट्रीय शिबिरापर्यंत गेली. तिचं नाव प्रज्ञा. ती नाहूरला राहायची. वडील मेट्रोच्या कामावर इलेक्ट्रिशियन होते आणि ड्युटीवर जाण्याआधी तिला मोटरसायकलवरून बोरीवलीला आणून सोडायचे. शिबिराचं पत्र आलं त्या रविवारी आई-वडील दोघेही पेढे घेऊन मैदानावर आले. आई ठेवणीतली साडी नेसली होती. मॅडमनी अर्धा पेढा तोडला, उरलेला अर्धा डब्यात परत ठेवला आणि म्हणाल्या, "प्रज्ञा, चल. अश्विनीला टॅकल कर."

प्रज्ञाच्या अंगात नवा ड्रेस होता. तिने ओढणी आईकडे दिली, धावत जाऊन अश्विनीला पाडलं आणि उठून उभी राहिली. गुडघ्यावर माती लागली होती.

"बघितलंत?" मॅडम वडिलांना म्हणाल्या. "डावा खांदा खाली पडतो हिचा. तीन वर्षं सांगतेय. तिथे हिच्या दीडपट अंगाच्या मुली आहेत. पहिल्याच महिन्यात निखळेल."

"मॅडम, आज तरी..." वडील म्हणाले.

"आजच सांगते. नंतर तुम्ही मलाच विचाराल."

खांदा तिसऱ्या महिन्यात निखळला. शस्त्रक्रिया झाली. प्रज्ञा जवळजवळ वर्षभर बाहेर होती. मॅडम एकदाही तिला बघायला गेल्या नाहीत. ती शिबिराला गेली त्याच दिवशी तिचे सहा नंबरचे बूट त्यांनी अश्विनीला दिले होते.

अश्विनी मनोरीची. वडिलांची होडी होती. ती फेरीबोटीने मार्वेला उतरायची आणि तिथून बसने यायची. बोलायची कमी. तिची पकड आमच्यात सर्वांत घट्ट होती. रविवारी सामना असला की प्रज्ञा आदल्या दिवशी तिच्याकडे मनोरीला राहायला जायची. दोघींचा पाय सहा नंबरचा, आणि सहाचे बाकीचे दोन जोड आधीच वाटलेले. त्यामुळे प्रज्ञा असेपर्यंत अश्विनी बहुतेक वेळ रेषेवर बसून प्रज्ञाच्या बाहेर येण्याची वाट बघत असे. याचं दोघींना काही वाटल्याचं दिसलं नाही.

राष्ट्रीय महिला संघाचं शिबिर अंधेरीला लागलं तेव्हा परदेशातल्या स्पर्धेआधी त्यांना एक सराव सामना हवा होता. जवळची टीम म्हणून आम्हाला निरोप आला. सात-सात खेळाडू, सात-सात मिनिटांचे तीन भाग, बदली खेळाडू कितीही. आमच्यापैकी कुणालाही जिंकण्याची आशा नव्हती. आम्हाला बोलावलं होतं ते पाडायला आणि पडायला.

तिथे गेल्यावर कळलं की आणखी एक कारण आहे. शिबिरात तेरा मुली उरल्या होत्या आणि विमानाची तिकिटं बारा निघणार होती. तेरावी प्रज्ञा. डॉक्टरांनी तिला खेळायला परवानगी दिली होती, पण अंगावर माणूस पडल्यावर खांदा टिकतो का, हे सामन्यातच कळणार होतं. टिकला तर ती जाणार, नाहीतर दुसरी. संघाच्या प्रशिक्षकांनी मॅडमना हे नीट समजावून सांगितलं. "मॅडम, आपकी लड़कियाँ उसको बचाएँगी, तो मुझे कुछ पता नहीं चलेगा."

"हमारी लड़कियाँ किसी को नहीं बचातीं, सर," मॅडम म्हणाल्या.

मग त्या आमच्याकडे आल्या आणि जागा बदलल्या. अश्विनी नेहमी डावीकडे खेळायची. तिला त्यांनी बरोबर प्रज्ञाच्या समोर आणलं.

"तिच्या डाव्या अंगाने जायचं," मॅडम म्हणाल्या.

अश्विनी बुटाची नाडी बांधत होती. ती वर न बघता म्हणाली, "मॅडम, ती आपली आहे."

"आपली होती तेव्हा तुला बूट मिळत नव्हते."

अश्विनीने नाडी ओढली.

"आज ते तिचा खांदा बघायला बसलेत," मॅडम म्हणाल्या. "बघता बघता तू दिसलीस तर दिसलीस. खयं बघतंस गो? उठ."

मालवणी म्हणजे मॅडमचा राग. आम्ही सगळ्या उठलो.

पहिल्या भागात आमच्यावर पाच ट्राय झाले, म्हणजे पाचदा त्यांनी आमच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला. त्या मुली आमच्यापेक्षा उंच होत्या, रुंद होत्या आणि एकमेकींशी बोलत खेळत होत्या. मी उजव्या विंगला, म्हणजे अगदी कडेला होते. पूर्ण सामन्यात चेंडू माझ्याकडे दोनदा आला. त्यामुळे बघायला मला वेळ होता.

प्रज्ञाला पहिला टॅकल तिसऱ्या मिनिटाला झाला. अश्विनीने तिला कमरेत धरून खाली आणलं. रेषेवरून आवाज आला, "सोड!" अश्विनीने सोडलं. प्रज्ञाने चेंडू मागे ठेवला, उठली आणि डावा हात एकदा गोल फिरवून बघितला. बाकावर बसलेल्या प्रशिक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. असे आणखी तीन टॅकल झाले. प्रत्येक वेळी आवाज, प्रत्येक वेळी हात सुटले. खांदा टिकत होता. मध्यंतरात दोघी पाण्याजवळ बाजूबाजूला उभ्या होत्या.

"टोचतात का गं अजून?" प्रज्ञाने तिच्या बुटांकडे बघत विचारलं.

"अंगठ्याला."

"मलापण तिथेच टोचायचे. आतून कापूस लाव."

"मॅडम काढायला लावतात ना. म्हणतात, कापसाने नंबर बदलतो."

दोघी हसल्या. मॅडमनी निकिताला हाक मारली आणि पाण्याची बाटली काढून घ्यायला सांगितली.

दुसऱ्या भागात, प्रज्ञा चेंडू घेऊन रेषेच्या कडेने निघाली. मॅडम उभ्या होत्या त्याच बाजूने. अश्विनी आडवी धावत आली, डाव्या अंगाने, सांगितलं होतं तशी. या वेळी कंबर हाताला लागली नाही. तिने प्रज्ञाचा डावा दंड धरला. दोघी पडल्या. प्रज्ञा उजव्या कुशीवर, अश्विनी तिच्या पाठीमागे, आणि दंड अश्विनीच्या दोन्ही हातांत. प्रज्ञा चेंडू मागे ठेवण्यासाठी वळली.

आवाज आला नाही.

अश्विनीने धरून ठेवलं. चार वर्षं ती ज्याची वाट बघायला शिकली होती, त्याची ती वाट बघत होती. प्रज्ञा आणखी वळली. दीड सेकंद असेल, फार तर दोन. मग रेफरीची शिट्टी झाली आणि त्याच क्षणी प्रज्ञाचं ओरडणं ऐकू आलं. शिट्टी ऐकून अश्विनीने सोडलं. हात सुटून मातीवर पडला आणि तिथेच राहिला.

दोन्ही संघांच्या मुली जमल्या. मॅडम चालत आत आल्या, पळाल्या नाहीत. प्रज्ञाकडे बघून म्हणाल्या, "डावाच ना?" मग त्या गुडघ्यांवर बसल्या आणि प्रज्ञाच्या बुटाच्या नाड्या सोडायला लागल्या. दोन वाकडी बोटं गाठीत अडकत होती, तरी एक बूट त्यांनी अर्धा काढला. रेषेवर बसलेल्या आमच्या एका मुलीने सवयीने आपली चप्पल काढून पाय पुढे केला.

"मॅडम," प्रज्ञा म्हणाली. तिचे दात एकमेकांवर वाजत होते. "ते माझे आहेत."

मॅडमचे हात थांबले. त्यांनी बूट परत टाचेवर चढवला, नाडी बांधली, डबल गाठ मारली आणि उठल्या. राष्ट्रीय संघाची फिजिओ तोवर पट्टा घेऊन आली होती. प्रज्ञाला उचलून बाहेर नेलं. प्रशिक्षकांनी वही मिटली. त्यांच्या दृष्टीने सामन्याचं काम झालं होतं. ते सौजन्याने म्हणाले, "मॅडम, चाहें तो यहीं रोक देते हैं."

"अजून नऊ मिनिटं आहेत," मॅडम मराठीत म्हणाल्या.

ती नऊ मिनिटं खेळली गेली. अश्विनी आत होती. तिने एकीलाही धरलं नाही. हात लावायची आणि सोडून द्यायची. मॅडम प्रत्येक वेळी ओरडत होत्या, "सोड!", जिथे धरलेलंच नव्हतं तिथेही. सामना संपल्यावर आमच्या संघातल्या कुणाचंही नाव कुणी विचारलं नाही.

अश्विनी पुढे दोन आठवडे आली. तिसऱ्या आठवड्यात तिने बूट धुऊन, आत कागद भरून निकिताबरोबर पाठवून दिले. मनोरीला सुट्टीसाठी भाड्याने देतात त्या बंगल्यांपैकी एकावर तिने काम धरलं. मॅडमनी बुटांतले कागद काढले आणि बूट दुसरीला दिले.

निकिता त्या दिवशी मॅडमपासून हातभर अंतरावर बाटल्या घेऊन उभी होती. ती सांगते, त्या टॅकलच्या वेळी मॅडम लवंगांची डबी उघडत होत्या. झाकण अडकलं होतं. वर बघितलं तेव्हा दोघी खाली होत्या. "त्यांचं तोंड उघडलं होतं," निकिता म्हणते. "पण आधी लवंग टाकायला की ओरडायला, ते मला नाही सांगता येणार यार."

मी मॅडमना सरळ विचारलं. सामन्यानंतरच्या सोमवारी, सराव संपल्यावर, त्या चेंडू मोजून जाळीत भरत होत्या.

"मॅडम, तुम्ही ओरडला नाहीत."

त्यांनी चार चेंडू भरले, जाळीचं तोंड बांधलं. "ओरडले असते तर सुटली असती," त्या म्हणाल्या. "विमानात बसली असती. तिथे कोण ओरडणार होतं?"

"म्हणजे मुद्दाम?"

"इथे निखळला तर आई-वडील तासाभरात पोचले. तिथे निखळला असता तर?"

"पण टिकत होता, मॅडम. चारदा टिकला."

"मी पेढे खाल्ले तेव्हाच सांगितलं होतं," मॅडम म्हणाल्या, आणि जाळी माझ्या खांद्यावर दिली. डबीचा उल्लेख त्यांनी केला नाही. मीही केला नाही. चुकून गप्प राहिल्या, असं लोकांनी म्हणण्यापेक्षा ठरवून गप्प राहिल्या, असं म्हणणं त्यांना चालणार होतं, एवढं त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही कळलं असतं. ठरवूनही राहिल्या असतील. दोन्ही शक्य आहे.

प्रज्ञाच्या खांद्यावर दुसरी शस्त्रक्रिया झाली. ती पुन्हा खेळली नाही. मी बारावीनंतर तो संघ सोडला, पुढे वर्तमानपत्रात लागले. मॅडम निवृत्त झाल्याचं कळलं ते निकिताकडून.

गेल्या हिवाळ्यात उपनगरातल्या मुलींच्या रग्बीवर बातमी करायची म्हणून मी एका रविवारी सकाळी त्याच मैदानावर गेले. पार्कच्या भिंतीला नवा रंग दिला होता. वीसेक मुली होत्या आणि सगळ्यांच्या पायांत आपापले बूट. रेषेवर शिकवायला उभी होती ती प्रज्ञा. डावा हात तिने ट्रॅकसूटच्या खिशात ठेवला होता. टॅकल झाला की ती ओरडायची, "सोड!" तिचा आवाज भिंतीपर्यंत जात नव्हता.

मागे प्लास्टिकच्या खुर्चीत पेडणेकर मॅडम बसल्या होत्या. केस सगळे पांढरे, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, खडूने घासलेले. मांडीवर दोन्ही हात रिकामे.

"तू विंगवाली," मला बघून त्या म्हणाल्या. "दोनदा चेंडू आला आणि दोनदा टाकलास."

"एकदा, मॅडम."

"दोनदा." मग हनुवटीने पुढे दाखवून म्हणाल्या, "ही बघ. लवकर ओरडते. मुली धरायच्या आधीच सोडतात. या वर्षी एकही सामना जिंकली नाही."

प्रज्ञाने मागे वळून बघितलं नाही. "ऐकू येतंय मला, मॅडम."

"यायलाच हवं. म्हणून बोलते."

"लवकरच ओरडणार मी."

प्रज्ञाने शिट्टी फुंकली, मुली पुन्हा जोड्यांनी उभ्या राहिल्या. मी माझ्या कामाला लागले. पाऊण तासात तीसएक टॅकल झाले असतील. प्रत्येक वेळी प्रज्ञा ओरडत होती, मुली सुटत होत्या, उठून पळत होत्या. आणि प्रत्येक वेळी तिच्या मागे, खुर्चीत, मॅडमचे ओठ हलत होते. आवाज निघत नव्हता. मुली सुटून उठलेल्या असायच्या, तेव्हा मॅडमचे ओठ त्या शब्दावर पोचायचे.